फॉर्म्युला वनचा अफवांचा मोसम आणि हंगामपूर्व चाचण्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘सिली सीझन’ म्हणजे नेमकं काय?

शब्द मूळचा ब्रिटिश वृत्तपत्रांचा, एकोणिसाव्या शतकातला. उन्हाळ्यात संसदेला सुट्टी, शहरात कुणी नाही, छापायला बातमी नाही. मग पानं भरायला वाटेल ते छापलं जायचं, त्या दिवसांचं हे नाव. मोटर रेसिंगने ते उचललं आणि ड्रायव्हरांच्या अदलाबदलीच्या चर्चेला चिकटवलं. पूर्वी ही चर्चा जुलै-ऑगस्टमध्ये सुरू होऊन हिवाळा येईपर्यंत विझायची. आता ती वर्षभर चालते. पण दोनदा तिला खरा ऊत येतो: ऑगस्टच्या सुट्टीच्या आसपास, आणि डिसेंबरपासून पहिल्या शर्यतीपर्यंत. या पानावर मुख्यतः दुसऱ्या काळाबद्दल लिहिलं आहे.

हंगाम संपला, सगळ्यांचे करार झाले. मग हिवाळ्यात नवीन काय घडणार?

२०१६ साली असंच वाटत होतं. २७ नोव्हेंबरला अबू धाबीत मर्सिडीजचा निको रॉसबर्ग जगज्जेता झाला आणि २ डिसेंबरला, पाचव्या दिवशी, त्याने निवृत्ती जाहीर केली. जगातली सर्वांत वेगवान गाडी ऐन डिसेंबरात रिकामी! बोटास विल्यम्समधून मर्सिडीजमध्ये आला, त्याची जागा भरायला नुकताच निरोप घेतलेला ड्रायव्हर फेलिपे मासा परत आला, आणि हे जाहीर व्हायला जानेवारीची १६ तारीख उजाडली. मधल्या सहा आठवड्यांत पॅडॉकमधल्या, म्हणजे ट्रॅकमागच्या टीमच्या आवारातल्या, जवळपास प्रत्येकाला कुणी ना कुणी त्या गाडीत बसवून पाहिलं होतं.

शिवाय हिवाळ्यात शर्यत नसते, म्हणजे खोटं पाडायला काहीच नसतं. हंगाम चालू असताना ‘अमुक गाडी रॉकेट आहे’ असं म्हटलं तर रविवारी निकाल समोर येतो. जानेवारीत तो येत नाही. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, असा हा तीन महिन्यांचा कारभार.

अफवा मुळात सोडतं कोण?

हा प्रश्न सगळ्यांत कमी विचारला जातो. बातमी खरी की खोटी याच्या आधी ‘ही पुडी सोडून कुणाचं काय साधणार?’ हे बघायची सवय लावून घ्या. पत्रकार हवेतून बातमी काढतात असं लोकांना वाटतं. काही काढतातही. पण पॅडॉकमध्ये वर्षानुवर्षं टिकलेल्या पत्रकाराला कुणीतरी काहीतरी सांगितलेलं असतं, आणि सांगणाऱ्याचं त्यात काहीतरी काम असतं.

पहिला संशयित ड्रायव्हरचा मॅनेजर. करार संपत आला की ‘दुसऱ्या टीमलाही रस आहे’ ही बातमी पगाराचा आकडा वाढवायला उपयोगी पडते. दुसरी टीम तिकडून इन्कार करत नाही, कारण तिलाही आपल्या सध्याच्या ड्रायव्हरला जरा जमिनीवर आणायचं असतं. टीमही खडा टाकून बघतात. एखादं नाव बाहेर सोडायचं, प्रायोजक आणि चाहते काय म्हणतात ते पाहायचं, गदारोळ झाला तर ‘आम्ही असं कधीच म्हटलं नव्हतं’ म्हणून मोकळं व्हायचं. तिसरे प्रतिस्पर्धी. शेजारच्या गॅरेजमधला मुख्य अभियंता नाराज आहे ही बातमी बहुतेकदा शेजारच्याच गॅरेजमधून निघते.

आणि कधीकधी बातमी अशा ठिकाणाहून फुटते की कुणाच्या मनातही येऊ नये. २०२२ मध्ये पोर्शे रेड बुलमध्ये भागीदारी घेणार अशी कुजबुज बरेच महिने होती. दोन्हीकडून मौन. जुलैअखेर मोरोक्कोच्या स्पर्धा आयोगाचा एक कागद बाहेर आला आणि त्यात सरळ लिहिलेलं होतं की पोर्शेला रेड बुलच्या फॉर्म्युला वन व्यवसायात पन्नास टक्के हिस्सा घ्यायचा आहे. अशा व्यवहाराला बऱ्याच देशांतल्या नियामकांची परवानगी लागते, आणि मोरोक्कोतले कारकून आपलं काम चोख करत होते. गंमत पुढे आहे. कागद खरा, हेतू खरा, तरी लग्न मोडलं. ९ सप्टेंबरला पोर्शेने बोलणी संपल्याचं सांगितलं आणि पुढच्या फेब्रुवारीत रेड बुलने फोर्डशी हातमिळवणी केली. म्हणजे अफवा शंभर टक्के खरी असूनही घटना घडलीच नाही. ‘खरी का खोटी’ एवढ्या दोनच कप्प्यांत अफवा बसत नाहीत त्या अशा.

मर्सिडीजशी २०२५ पर्यंत करार असताना हॅमिल्टन फेरारीत गेलाच कसा?

हा प्रश्न इतक्यांदा येतो की जरा सविस्तर सांगतो.

मे २०२३ मध्ये ब्रिटिश वृत्तपत्रांत बातमी आली की फेरारी हॅमिल्टनला मोठी रक्कम देऊ करणार. मोनॅकोत त्याला विचारलं, त्याने ती झटकून टाकली. ३१ ऑगस्टला मर्सिडीजने त्याचा २०२५ अखेरपर्यंतचा करार जाहीर केला. सगळे म्हणाले, झालं, विषय संपला. आणि १ फेब्रुवारी २०२४ ला, मर्सिडीजच्या नव्या गाडीचं अनावरण दोन आठवड्यांवर आलेलं असताना, फेरारीने त्याला २०२५ साठी घेतल्याचं जाहीर झालं. मर्सिडीजच्या निवेदनात एक वाक्य होतं: ऑगस्टच्या करारातला मुक्त होण्याचा पर्याय त्याने वापरला आहे.

करार दोन वर्षांचा दिसत होता, पण पहिल्या वर्षानंतर बाहेर पडायचं दार आत ठेवलेलं होतं. ऑगस्टच्या घोषणेत त्या दाराचा उल्लेख नव्हता, तो नसतोच. म्हणून ‘बहुवर्षीय करार’ हे शब्द वाचले की मी आता आकड्यांकडे बघत नाही. मूळ मुदत किती, पर्याय कुणाच्या हातात, कामगिरीची अट आहे का, टीम क्रमवारीत अमुक क्रमांकाच्या खाली गेली तर सुटका आहे का, यातलं काहीच बाहेर येत नाही. आपण बघतो तो नुसता लिफाफा.

यातला खरा धागा मात्र आठवडाभर आधी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. २५ जानेवारीला फेरारीने लेक्लेर्कचा करार वाढवल्याचं जाहीर केलं. टीमचा दुसरा ड्रायव्हर साइन्झ, त्याच्याबद्दल एक अक्षर नाही. दोघांचेही करार २०२४ अखेर संपत होते आणि बातमी एकाचीच आली. त्या दिवशी बहुतेकांनी, मीसुद्धा, ‘साइन्झचंही होईल लवकरच’ म्हणून पान उलटलं. घोषणेत काय नाही हे वाचायला मी त्या आठवड्यात शिकलो.

साइन्झचं पुढे काय झालं ते बघण्यासारखं आहे. अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतर दोन आठवड्यांनी मेलबर्नची शर्यत जिंकलेला हा माणूस, आणि त्याच्याबद्दल रेड बुल, मर्सिडीज, ऑडी अशी नावं महिनोन्‌महिने फिरत राहिली. २९ जुलैला जाहीर झालं: विल्यम्स.

ड्रायव्हरने स्वतः इन्कार केला तर प्रश्न मिटला ना?

इन्कार कोणत्या शब्दांत आहे त्यावर आहे. ‘माझा पुढच्या वर्षीचा करार आहे’ हा इन्कार नाही, ती माहिती आहे, आणि ती आपल्याला आधीच होती. ‘माझं लक्ष सध्या या शर्यतीवर आहे’ हे ताकाला जाऊन भांडं लपवणं. ‘मी पुढच्या वर्षी इथेच असेन’ असं पूर्ण, बिनशर्त वाक्य आलं तर वजन द्या. २०२५ च्या उन्हाळ्यात व्हर्स्टापेन मर्सिडीजला जाणार ही चर्चा कळसाला पोहोचली होती. हंगेरीत त्याने २०२६ मध्ये रेड बुलमध्येच असल्याचं स्पष्ट सांगितलं आणि ती तिथेच थांबली.

इन्काराचा बादशहा मात्र ऑस्कर पियास्त्री. १ ऑगस्ट २०२२ ला अलोन्सो अ‍ॅस्टन मार्टिनला जात असल्याचं जाहीर झालं. त्याच्या अल्पीन टीमच्या प्रमुखांना खात्रीने कळलं ते प्रसिद्धिपत्रक वाचून, हे त्यांनीच नंतर सांगितलं. दुसऱ्या दिवशी अल्पीनने रिकाम्या जागेवर पियास्त्रीचं नाव जाहीर केलं. काही तासांत पियास्त्रीने समाजमाध्यमावर लिहिलं की मी असा कुठलाही करार केलेला नाही आणि पुढच्या वर्षी मी अल्पीनची गाडी चालवणार नाही. एकवीस वर्षांचा पोरगा, फॉर्म्युला वनची एकही शर्यत न खेळलेला. इथे अफवेला नाही, टीमच्या अधिकृत घोषणेलाच इन्कार होता.

मग अशा भांडणाचा निवाडा कोण करतं?

काँट्रॅक्ट रेकग्निशन बोर्ड. या मंडळाकडे ड्रायव्हरांचे करार नोंदवलेले असतात आणि एकाच ड्रायव्हरवर दोघांनी दावा सांगितला की कुणाचा करार चालेल ते मंडळ ठरवतं. पियास्त्रीच्या बाबतीत निकाल २ सप्टेंबर २०२२ ला आला: ४ जुलैला मॅक्लारेनशी झालेला करारच ग्राह्य.

हे मंडळ मुळात १९९१ च्या गोंधळाचं फळ. त्या वर्षी ऑगस्टच्या शेवटी स्पा इथे मायकेल शूमाकर जॉर्डनच्या गाडीतून पहिली शर्यत धावला आणि पुढच्याच शर्यतीला, माँझाला, बेनेटनच्या गाडीत बसलेला दिसला. ज्याची जागा गेली तो रॉबेर्तो मोरेनो माँझाला जॉर्डनच्या गाडीत! असले प्रकार पुन्हा नकोत म्हणून करार नोंदवण्याची पद्धत आली. २००४ मध्ये जेन्सन बटनला विल्यम्सकडे जायचं होतं, मंडळाने त्याला त्याच्या बीएआर टीममध्येच राहायला लावलं.

तरीही प्रकरणं कोर्टात जातातच. मार्च २०१५ मध्ये गीडो व्हान डर गार्डे साउबरविरुद्ध थेट व्हिक्टोरिया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि जिंकला. मेलबर्नच्या गॅरेजमध्ये तो रेसिंग सूट घालून हजर, आणि जागा दोन, ड्रायव्हर तीन. साउबरने पहिल्या सरावात गाडीच बाहेर काढली नाही. शेवटी पैसे देऊन तडजोड झाली. अमेरिकेतल्या इंडिकारमध्ये तर २०२२ च्या जुलैत चिप गनासी टीमने अ‍ॅलेक्स पालोऊ आपल्याकडे राहणार असं जाहीर केलं, त्याच दिवशी पालोऊने ते नाकारलं आणि मॅक्लारेनने तो आपला झाल्याचं सांगितलं. पुढे तो गनासीतच राहिला आणि मॅक्लारेनने त्याला कोर्टात खेचलं.

इटालियन, जर्मन, डच वृत्तपत्रांच्या बातम्या किती धराव्यात?

ज्याच्या अंगणातली बातमी त्याचं जास्त धरावं. फेरारीबद्दल इटालियन, व्हर्स्टापेनबद्दल डच ‘टेलिग्राफ’, तांत्रिक बाबतीत जर्मन ‘आउटो मोटोर उंट श्पोर्ट’ ऐकण्यासारखं असतं. इटालियन वृत्तपत्राने विल्यम्सबद्दल काही छापलं तर मी चहा पीत वाचतो.

पण यात भाषेची एक मेख आहे. इटालियन पत्रकार ऐकीव गोष्ट लिहिताना क्रियापदाचं वेगळं रूप वापरतात, आणि त्या एका रूपात ‘हे मी ऐकलंय, माझी हमी नाही’ एवढं सगळं आलेलं असतं. आपल्याकडे हेच काम ‘म्हणे’ करतं. ‘तो फेरारीला जातोय’ आणि ‘तो फेरारीला जातोय म्हणे’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बातमी एका भाषेतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत गेली की सगळ्यांत आधी गळतो तो हा ‘म्हणे’. मग मूळ पत्रकाराने दिलीच नव्हती ती खात्री आपल्यापर्यंत पोहोचते, आणि खोटी निघाली की शिव्या त्याला बसतात. मूळ मजकूर काढून एकदा बघावा, अर्ध्या ‘खळबळजनक’ बातम्या तिथेच बसतात.

अनावरणात दाखवलेली गाडी खरी असते का?

बहुतेकदा रंग खरा असतो. ९ फेब्रुवारी २०२२ ला रेड बुलने आपली नवी गाडी म्हणून जे दाखवलं ते मुळात फॉर्म्युला वनच्या आयोजकांचं नमुना मॉडेल होतं, रेड बुलच्या रंगात. १८ फेब्रुवारी २०२५ ला लंडनमध्ये दहाही टीमनी एकाच मंचावर अनावरण केलं, त्यातही मुख्य आकर्षण रंगसंगती हेच होतं. पुढचा विंग, फ्लोअरच्या कडा, साइडपॉड (ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंचे फुगीर भाग) हे खरं काय आहे ते चाचणीच्या पहिल्या सकाळी गाडी पिट लेनमधून बाहेर येते तेव्हा दिसतं, आणि कधी तेव्हाही नाही. २०२२ मध्ये मर्सिडीज बार्सिलोनात एक गाडी घेऊन आली आणि बहारीनच्या चाचणीत जवळजवळ साइडपॉडच नसलेली दुसरीच दिसली.

चाचणीत जो पहिला येतो तो हंगामात पुढे असतो का?

नाही. तरी दर फेब्रुवारीत मथळे तेच असतात, आणि मीही त्याला फसलेलो आहे.

२०१९ चा फेब्रुवारी. बार्सिलोनात आठ दिवस चाचण्या होत्या आणि मी एका वहीत रोजच्या वेळा उतरवून ठेवत होतो. शेवटी व्हेटेलची फेरारी १ मिनिट १६.२२१ सेकंद, हॅमिल्टनची मर्सिडीज १६.२२४. तीन सहस्रांश! त्यातून हॅमिल्टननेच सांगितलं की फेरारी बहुधा अर्धा सेकंद पुढे आहे. मी त्या वहीत ‘व्हेटेल’ लिहून खाली दोन रेघा ओढल्या, मित्रांना कळवलं, पैजही लावली. १७ मार्चला मेलबर्नमध्ये बोटास जिंकला, हॅमिल्टन दुसरा, व्हेटेल ५७ सेकंद मागे चौथा. पहिल्या पाचही शर्यतींत मर्सिडीज पहिली आणि दुसरी. फेरारीला पहिला विजय मिळाला तो १ सप्टेंबरला. वही अजून आहे. दोन रेघाही आहेत.

चूक कुठे झाली? मी वेळा लिहिल्या, पण कोणत्या गाडीत किती इंधन होतं ते लिहिलं नव्हतं, कारण ते कुणी सांगत नाही. ढोबळ हिशेब असा की १० किलो इंधन म्हणजे लॅपला, ट्रॅकच्या एका फेरीला, साधारण ०.३ सेकंद. २०२५ पर्यंत शर्यतीत ११० किलोपर्यंत इंधन वापरता यायचं. म्हणजे एकाने ३० किलो कमी भरलं की तो काहीही न करता जवळपास एक सेकंद वेगवान दिसतो. त्यावर टायर. मऊ टायर एका पायरीने बदलला तरी काही दशांश जातात. त्यावर इंजिन किती जोरात चालवलंय. त्यावर वेळ: बहारीनमध्ये दुपारच्या उन्हात आणि दिवे लागल्यावर ट्रॅक पूर्ण वेगळा वागतो, त्यामुळे दिवसाची सर्वोत्तम वेळ बरेचदा शेवटच्या तासात लागते. आणि हवामान! २०२५ च्या चाचणीत बहारीनसारख्या वाळवंटात पाऊस आला, आणि पहिल्याच दिवशी वीज गेल्याने तासभर काम थांबलं.

मुद्दाम वेळ लावणारेही असतात. कमी इंधन, नवा मऊ टायर, आणि तक्त्यात सगळ्यात वर नाव: याला ‘ग्लोरी रन’ म्हणतात. २००१ च्या हिवाळ्यात प्रोस्ट टीमच्या आलेझीने चाचण्यांत धडाक्यात वेळा लावल्या. हंगामात टीमला एकूण चार गुण मिळाले आणि जानेवारी २००२ मध्ये तिचं दिवाळं निघालं. त्या वेळा प्रायोजकांसाठी होत्या.

मग बघायचं तरी काय?

लांब धावा. गाडी एका टायरवर बारा-पंधरा लॅप सलग करते तेव्हा बघा.

समजा दोन गाड्या आहेत. लाल गाडीची पहिली लॅप १:३६.० आणि पंधरावी १:३८.२. निळीची पहिली १:३६.६ आणि पंधरावी १:३७.४. मथळा लालचा होणार, कारण तिची सर्वोत्तम लॅप सहा दशांशांनी भारी. आता पंधरा लॅपची सरासरी काढा: लाल १:३७.१, निळी १:३७.०. पंधरा लॅपमध्ये निळी दीड सेकंद पुढे, आणि त्या क्षणी प्रत्येक लॅपला आठ दशांशांनी पळतेय. शिवाय दर लॅपला जळणाऱ्या इंधनामुळे गाडी पाच-सहा शतांश हलकी-वेगवान होत असते, म्हणजे टायरची झीज आकड्यांत दिसते त्याहून जास्त आहे. तीस लॅपच्या धावेत लाल गाडीचे टायर उरणार नाहीत.

२०२५ ला अगदी हेच झालं. तीन दिवसांतली सर्वांत वेगवान लॅप साइन्झच्या विल्यम्सची. पण दुसऱ्या दिवशी नॉरिसने मॅक्लारेनमधून शर्यतीएवढी लांब धाव केली, त्या वेळा बघून बाकीच्या गॅरेजांतले चेहरे उतरले. विल्यम्स पाचवी आली, मॅक्लारेनने ५ ऑक्टोबरला सिंगापूरमध्ये टीमचं विजेतेपद खिशात घातलं, आणि डिसेंबरात नॉरिस जगज्जेता.

दुसरी गोष्ट: एकूण लॅप किती झाल्या. २०१४ मध्ये नवी हायब्रिड इंजिनं आली तेव्हा हेरेझच्या चाचणीच्या चार दिवसांत मर्सिडीजने ३०९ लॅप काढल्या, चार वेळच्या विजेत्या रेड बुलने २१. त्या दोन आकड्यांत पूर्ण हंगाम लिहिलेला होता.

आणि तिसरी, आकड्यांत न येणारी: वळणातून बाहेर पडताना ड्रायव्हर स्टिअरिंगशी झुंजतोय का. ट्रॅकच्या कडेला उभे असलेले जुने ड्रायव्हर काय म्हणतात ते ऐका. गाडीवर हिरवा-पिवळा चिकट रंग फासलेला किंवा मागे जाळीसारखी चौकट लावलेली दिसली तर त्या लॅपची वेळ बघूच नका. ते हवेचा प्रवाह मोजताहेत.

सँडबॅगिंग, म्हणजे मुद्दाम हळू चालवणं, खरंच करतात का?

करतात, पण लोकांना वाटतं तेवढं नाही. चाचणीचे दिवस मोजके असतात. २०२५ ला तीनच होते आणि दोन ड्रायव्हरांत गाडी एक. त्यात खरा वेग न तपासणं परवडत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची हे ठीक, पण मुठीत काय आहे ते निदान आपल्याला तरी कळायला हवं.

मौज अशी की खरं बोललेलं कुणाला पटत नाही. २०२२ मध्ये मर्सिडीज बहारीनमध्ये उड्या मारत होती आणि हॅमिल्टन सांगत होता की आम्ही सध्या जिंकण्याच्या स्थितीत नाही. सगळे हसले: दर वर्षीचं रडगाणं! ते खरं होतं. वर्षभरात त्यांना एकच शर्यत जिंकता आली, तीही नोव्हेंबरात, ब्राझीलला, रसेलने.

याच्या उलट २००९. होंडाने ५ डिसेंबर २००८ ला माघार घेतली, उरलेली टीम रॉस ब्रॉनने ६ मार्चला घेतली आणि ९ मार्चला पांढरी, जवळजवळ विनाप्रायोजक गाडी बार्सिलोनात उतरली. येताच इतकी वेगवान की लोक म्हणाले, प्रायोजक मिळवायला रिकाम्या टाकीवर पळताहेत. प्रोस्टचं उदाहरण ताजं होतं, तर्कही चुकीचा नव्हता. तीन आठवड्यांनी मेलबर्नमध्ये ब्रॉनच्या गाड्या पहिल्या आणि दुसऱ्या. बटनने पहिल्या सातपैकी सहा शर्यती जिंकल्या.

‘अमुक टीमची गाडी बेकायदा आहे’ या बातम्यांचं काय?

यांना हलक्यात घेऊ नका. इथे अफवा हे हत्यार असतं. प्रतिस्पर्ध्याची युक्ती कळली पण नक्कल करायला वेळ नाही, तर ती बंद करायला लावणं स्वस्त पडतं. त्यासाठी आधी बोभाटा, मग एफआयएकडे, म्हणजे खेळाच्या नियामक संस्थेकडे, स्पष्टीकरणाची मागणी. २०२६ च्या नव्या इंजिनांबद्दल हिवाळ्यात तेच झालं. कॉम्प्रेशन रेशोची, म्हणजे सिलिंडरात मिश्रण किती पट दाबलं जातं त्याची, मर्यादा १६:१ होती, पण मोजणी तेव्हा इंजिन थंड असताना व्हायची. तापल्यावर काहींचा रेशो त्याच्यावर जातो, अशी कुजबुज एकही शर्यत होण्याआधी सुरू झाली. त्यात बार्सिलोनातली पहिली चाचणी बंद दाराआड ठेवलेली, म्हणजे वावड्यांना मोकळं आकाश.

सगळ्यांत चटका लावणारं उदाहरण फेरारीचं. २०१९ च्या उत्तरार्धात त्यांच्या सरळ रेषेतल्या वेगाबद्दल शंका होत्या. २८ फेब्रुवारी २०२० ला, बार्सिलोनातल्या चाचणीच्या शेवटच्या दिवशी, सत्र संपता संपता एफआयएचं निवेदन आलं: चौकशी झाली, फेरारीशी तडजोड झाली, तपशील गुप्त. सामान आवरायला घेतलेल्या पत्रकारांनी लॅपटॉप पुन्हा उघडले. सात टीमनी जाहीर निषेध केला. त्या वर्षी फेरारी सहावी आली. पाणी कुठे मुरत होतं ते ज्याने त्याने समजून घ्यावं.

अपघात आणि तब्येतीच्या अफवा?

या पुढे पाठवू नका. २२ फेब्रुवारी २०१५ ला बार्सिलोनात अलोन्सोची मॅक्लारेन भिंतीला लागली. टीम म्हणाली वाऱ्याचा झोत. मग विजेचा धक्का बसला इथपासून स्मृती गेली इथपर्यंत वाटेल ते छापून आलं. तो मेलबर्नला नव्हता, त्यामुळे आणखी पिकलं. मलेशियात परतल्यावर त्याने स्वतः सांगितलं की स्टिअरिंग अडकलं होतं आणि बाकीच्या कहाण्या खोट्या आहेत. टीमचं आणि त्याचं म्हणणं मात्र शेवटपर्यंत जुळलं नाही.

पहिली शर्यत झाली की हे सगळं थांबतं ना?

२०२५ ची पहिली शर्यत १६ मार्चला मेलबर्नमध्ये झाली. त्याआधी हिवाळाभर लिहून आलं होतं की रेड बुलमध्ये लियम लॉसनला वर्षभर तरी वेळ मिळेल. पुढच्या रविवारी चीनची शर्यत झाली. २७ मार्चला त्याच्या जागी त्सुनोदाचं नाव जाहीर झालं. हंगाम सुरू होऊन अकरा दिवस झाले होते.